आधी घर, मग भूत

मॅडम,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आज तुमचाच पेपर शिकवून आले, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी भूतकथांचा, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. एम.ए.ला असताना याच विषयावर मी ट्यूटोरियल लिहिलं होतं. तुम्ही ते भर वर्गात परत दिलंत. "सगळं भुताबद्दलच लिहिलंयस. घर कुठाय? धुकं, ओसाड बंगला, बंद खोली, हे लेखक आधी उभं करतो. वाचक तिथंच निम्मा घाबरतो. भुतानं मग नुसतं यायचं." मी मान खाली घालून ऐकलं. तास संपल्यावर मात्र रडत तुम्हाला सांगितलं, की आमच्याही घरात तसली खोली आहे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत बाबा दम्यानं गेले. तेव्हापासून आईनं ती खोली उघडलीच नव्हती. आत कोणीतरी खोकतं म्हणायची. मीही ऐकलं होतं. घर सोडून हुपरीला मामाकडं राहायला जायचं तिनं ठरवलं होतं. म्हणजे माझं शिक्षण संपलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. मला अजून दिसतं: आई चहाचा कप घेऊन उभी आहे, आणि तुम्ही सरळ त्या खोलीकडं निघालाय.

"तिथं नको मॅडम, हिथंच बसा की."

"का? पाणी गळतंय व्हय तिथं?"

बाबांना वारं लागू नये म्हणून खिडकीपुढं कपाट लावलेलं होतं. तुम्ही पदर खोचलात आणि आम्हा दोघींना हाताशी घेऊन ते सरकवलंत. खिडकी उघडली. ऊन आलं, बोळातला भाजीवाला ऐकू आला आणि पाठोपाठ खोकला. खाली कट्ट्यावर शेजारचे आजोबा बिडी ओढत बसले होते. आईला हसू फुटलं. हसता हसता ती तिथंच बसली आणि रडायला लागली.

"भ्यायच्या नादात मी त्यास्नी रडलेच न्हाय ओ," म्हणाली. तुम्ही तिच्या शेजारी फरशीवर बसून गार झालेला चहा प्यालात.

आम्ही हुपरीला गेलो नाही. त्याच खोलीत अभ्यास करून मी पास झाले. आई आता तिथंच झोपते, चांगली घोरते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. या गोष्टी मी इतकी वर्षं शिकवते, पण घरात एकटी असताना त्यातली एकही शेवटपर्यंत वाचलेली नाही. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली, की मगच पान उलटते.