सुनावणीस हजर राहिलेला एकमेव नागरिक

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, खडकदेवी,
जि. बुलढाणा.

अर्जदार : संघपाल भाऊराव तायडे, वय ६३ वर्षे, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, रा. प्रभाग क्र. ६, खडकदेवी.

विषय : गुरुवारचा आठवडी बाजार हलविण्याबाबत मीच केलेल्या सूचनेस माझीच हरकत असल्याबाबत.

संदर्भ : १) हरकती व सूचना मागविणारी आपली जाहीर नोटीस, दि. ६ जानेवारी २०२५.
२) माझा अर्ज, दि. १३ जानेवारी २०२५.
३) सुनावणी, दि. २१ जानेवारी २०२५.
४) सभेचा ठराव क्र. ४१.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, संदर्भ क्र. १ ची नोटीस आपल्या कार्यालयाच्या फलकावर लागली, त्या दिवशी ती वाचणारा मी बहुधा एकटाच होतो. एकतीस वर्षे शासकीय सेवेत काढल्यामुळे फलक दिसला की थांबून वाचण्याची मला सवय आहे. निवृत्तीनंतर माझा दिवस असाच जातो.

नोटिशीत बाजाराच्या जागेबाबत नागरिकांची मते मागविली होती. मी आठवडाभरात चार पानी अर्ज दिला. त्यात वाहतुकीस अडथळा, ध्वनिप्रदूषण, सार्वजनिक आरोग्य व शहराचा नियोजनबद्ध विकास अशी चार कारणे देऊन, बाजार बायपासपलीकडील मोकळ्या मैदानात हलवावा अशी सूचना केली होती. खरे कारण पाचवे होते व ते मी लिहिले नाही. बाजार माझ्या घरासमोरील गल्लीत भरत असे आणि धानोरीच्या अन्नपूर्णाबाई गिऱ्हे माझ्या खिडकीखाली बसून "काटेरी वांगे घ्या वो, वांगे!" असे ओरडत असत. दुपारी एक ते तीन मी झोपतो. एवढेच ते कारण.

सुनावणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता होती. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. सभागृहात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांपैकी एकीवर मी बसलो. बाजारात बसणाऱ्या बाया त्या वेळी आपापल्या शेतात भाजी तोडत होत्या व अशी सुनावणी असते हे त्यांना ठाऊक नव्हते. मला बोलण्यास पाच मिनिटे दिली होती, मी पंचवीस मिनिटे बोललो. कोणी अडविले नाही, कारण अडविणारे कोणी नव्हते.

पुढे ठराव क्र. ४१ मंजूर झाला. त्यात "नागरिकांनी प्रत्यक्ष उपस्थित राहून एकमताने केलेल्या मागणीनुसार" असे शब्द आहेत. साहेब, ते नागरिक म्हणजे मी. सेवाकाळात दुसऱ्यांचे अर्ज मी हजारोंनी फाईलला लावले, पण माझा स्वतःचा अर्ज मंजूर झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी ठरावाची नक्कल घरी आणून पत्नी सौ. महामाया हिला वाचून दाखविली. तिने विचारले, "एकमत म्हणजे तुमचं आन कोणाचं? मले तं कोणी इचारलं नाही." म्हणजे एकमत माझ्या घरातसुद्धा नव्हते, ही बाब मी तेव्हा आपल्या निदर्शनास आणून द्यावयास हवी होती. मी ती आणली नाही. नक्कल लॅमिनेट करून घेतली.

दि. ६ मार्चपासून बाजार मैदानात गेला. गल्ली मोकळी झाली आणि पुढील आठवड्यापासून तेथे मालवाहू टेम्पो उभे राहू लागले. टेम्पो मागे घेताना त्यातून एक गाणे वाजते. ते गाणे मला आता पाठ आहे. झोपेबाबत माझी कोणतीही तक्रार नाही, कारण ती करण्याचा मला हक्क उरलेला नाही.

दि. १७ एप्रिल रोजी पत्नीने पिशवी माझ्या हाती दिली व, "तुमचा बाजार हाय, तुमीच जा," असे सांगितले. दुपारी बारा वाजता मी दोन किलोमीटर चालत मैदानावर पोहोचलो. तेथे झाड नाही, पाणी नाही. नगरपंचायतीचा 'आपले सहर्ष स्वागत' असा मोठा फलक आहे, त्याची सावली पडते तेवढ्यात सात-आठ बाया एका ओळीत बसल्या होत्या, बाकीच्या उन्हात. सावली सरकली की त्या टोपल्या उचलून सरकत होत्या. गिऱ्हाईक म्हणून मी व एक गाय एवढेच होतो.

अन्नपूर्णाबाई दिसल्या नाहीत. शेजारी बसणाऱ्या कोकिळाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मांगच्या गुरुवारी उन्हानं चक्कर येऊन पडली ना ते. आटोत घालून दवाखान्यात नेलं. आता घरीच हाय." पुढे त्यांनी स्वतःहून सांगितले, "कोण्या मोठ्या मानसानं अर्ज केला म्हन्ते, म्हनून आमाले इकडं फेकलं." मी मोठा माणूस नसल्याचे त्यांना सांगण्याचा धीर मला झाला नाही. मी दोन किलो वांगी घेतली. आम्ही घरात दोघेच आहोत.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने धानोरीस गेलो. अन्नपूर्णाबाई ओसरीवर खाटेवर पडून होत्या. मला पाहून उठून बसल्या, सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा येण्यापूर्वीच मी सांगून टाकले की, तो अर्ज माझा होता. त्यावर त्या जे बोलल्या ते जसेच्या तसे नमूद करतो : "तुमाले माह्या आवाजाचा तरास होता तं मले सांगाचं होतं, भाऊ. मी हळू वरडली असती." साहेब, चार पाने लिहिण्याऐवजी खिडकी उघडून एक वाक्य बोलता आले असते, हे एकतीस वर्षांच्या सेवेत मला कोणत्याही परिपत्रकात आढळले नव्हते.

दि. २१ एप्रिल रोजी सूचना मागे घेण्यासाठी आपल्या कार्यालयात आलो. आपले लिपिक श्री. हर्षल यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की, सूचना मागे घेण्याची तरतूद नाही, हरकत घ्यावी लागेल, व हरकतीची मुदत जानेवारीतच संपली. मी म्हणालो, नागरिकांचे मत बदलले आहे. त्यांनी विचारले, "कोणत्या नागरिकांचं, काका? फाईलमधे तं तुमीच आहा."

म्हणून मी नवीन अर्ज तयार केला : बाजार पूर्ववत माझ्या गल्लीत आणावा. या वेळी सर्वांच्या सह्या घ्याव्यात म्हणून गुरुवार दि. ८ मे रोजी मैदानावर गेलो. अन्नपूर्णाबाई त्या दिवसापासून पुन्हा येऊ लागल्या होत्या. मी अर्ज मोठ्याने वाचला. टाळ्या वाजतील असे वाटले होते. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "हे कोणं ठरवलं? पुन्हा तुमीच?"

मी अर्जाची घडी घातली. मग त्या सर्वजणी बोलू लागल्या व दीड तास बोलल्या. गल्लीत त्यांना परत यावयाचेच नव्हते. तेथे नालीवर बसावे लागे, अंगावर मोटारसायकली येत, आणि लघवीला जाण्यास जागा नसल्याने त्या सकाळपासून पाणी पीत नसत. बावीस वर्षे त्या माझ्या खिडकीखाली तहानलेल्या बसल्या होत्या व मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. बंद पडलेल्या जुन्या कापूस जिनिंगचे आवार नगरपंचायतीच्या ताब्यात असून त्यात तीन कडुनिंब व चालू हातपंप आहे, हे त्यांनीच मला सांगितले. माझ्या चार पानांत त्या जागेचा उल्लेखही नव्हता.

सबब, खालील मागण्या त्यांच्या आहेत. मी फक्त शुद्धलेखन पाहिले आहे.

अ) आठवडी बाजार जुन्या जिनिंगच्या आवारात भरवावा.
आ) तेथे बायांसाठी दोन शौचालये बांधावीत व त्यांना आतून कडी असावी. ("कडी" हा शब्द तिघींनी तीनदा लिहावयास सांगितला.)
इ) याबाबतची सुनावणी गुरुवारी, बाजारातच घ्यावी व तिची खबर आदल्या आठवड्यात घंटागाडीच्या भोंग्यावरून द्यावी.
ई) ठराव क्र. ४१ मधील "नागरिकांनी प्रत्यक्ष उपस्थित राहून एकमताने" हे शब्द वगळून "एका नागरिकाने" असे शब्द घालावेत. ही एकच मागणी माझी आहे. नाव छापल्यास हरकत नाही.

सुनावणीस मी हजर राहीन, परंतु मला बोलण्यास वेळ देऊ नये, ही नम्र विनंती.

हा अर्ज काल, दि. १५ मे रोजी, बाजारात तीनदा वाचून दाखविला. दोनदा दुरुस्त्या निघाल्या. तिसऱ्यांदा "आता बराबर हाय" असे सांगितल्यावरून सह्या व अंगठे घेतले. मी शाईचा पॅड अन्नपूर्णाबाईंपुढे केला असता त्यांनी तो बाजूला सारून पेन मागितले. त्यांना सही करण्यास बराच वेळ लागला. अक्षरे मोठी असल्यामुळे त्यांचे नाव रकान्याबाहेर जाऊन अर्जदाराच्या सहीसाठी सोडलेल्या जागेवर आले आहे. त्या कारणास्तव अर्ज अपूर्ण समजून परत पाठवू नये. माझी सही मी त्याखाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात केली आहे.

आपला नम्र व या खेपेस केवळ लेखनिक,
(सही)
संघपाल भाऊराव तायडे

स्थळ : खडकदेवी
दिनांक : १६ मे २०२५

सोबत :
१) सह्या व अंगठे, एकूण ५८.
२) ठराव क्र. ४१ ची नक्कल (लॅमिनेट केलेली, परत करण्याची आवश्यकता नाही).