धाकट्या केंद्रकाची बाटली

३ फेब्रु., मंगळ.
लॅबच्या सरांचा संशोधन-पेपर छापून आला. माझं नाव नाही. आभारातसुद्धा नाही! अंबरनाथ एमआयडीसीमागच्या डबक्यात गुडघाभर चिखलात उतरून ते एकपेशीय जीव आणले मी, तीन वर्षं जगवले मी. विचारलं तर, "अगं, पुढच्या पेपरात टाकू ना, चिल!" मुडदा बशिवला त्या पुढच्या पेपराचा.

४ फेब्रु.
झोप नाही. एकेका जीवात दोन केंद्रकं. मोठं रोजचं काम बघतं, मिरवतं. धाकटं गप्प, पण पुढच्या पिढीत जातं तेच. जोडी लागली की जुनं मोठं विरघळतं, धाकट्यातून नवं घडतं, नको ते तुकडे छाटून. सरांनी मला तसंच छाटलं. पण चुकीचा तुकडा छाटलाय त्यांनी.

६ फेब्रु.
लॅबमध्ये दोन बाटल्या. 'क'ला मी मधूनमधून उपाशी ठेवते. उपाशी राहिले तरच जोड्या लागतात, वंश ताजा राहतो. 'ख'ला आळसाने नुसतं खाऊ घातलं. पोहतात झकास, पण रंग देऊन पाहिलं तर धाकटं केंद्रक झिजून गेलेलं.
'क'ची चिठ्ठी आज 'ख'वर चिकटवली. खरी 'क' मांडीवर घेऊन लॅबजवळच्या कॅम्प ३ नाक्यापासून शेअर रिक्षा. आता खरवईला, घरी आमच्या ओट्यावर.

१५ फेब्रु., रवि.
आई : "उपाशी मारतेस होय गं त्यांना?" म्हटलं, हात लावू नकोस. जरा जोरातच बोलले.

२० फेब्रु.
बाहेरून आलेल्या पाहुण्यांपुढे सरांनी 'क' चिठ्ठीच्या बाटलीतून जोड्या लावल्या. पिल्लं एकजात मेली. "परवापर्यंत ठणठणीत होती हो!" मी मागे, तोंडाला रुमाल. अश्शी जिरली!

२२ फेब्रु., रवि.
सरांचा फोन. "घरी एखादी बाटली आहे का गं? पहिलं नाव तुझं टाकतो." आवाज रडवेला.
"नाही सर."
दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

२६ फेब्रु.
बाटलीला आंबूस वास. आई रोज गुपचूप चमचाभर पेज घालत होती. "भुकेल्याला नाही कसं म्हणू गं?" भिंगातून पाहिलं, मोजके उरलेत, तेही सुस्त. जंतू मारून, क्षार मोजून केलेल्या पाण्यात आजच हलवायला हवेत. ते पाणी फक्त सरांच्या लॅबमध्ये.

बाटली ओढणीत गुंडाळलीय, चपला घातल्यात. सरांचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय. उचलला तर आधी त्यांच्याकडून लिहून घेईन, सही घेईन, मग बाटली उघडेन. आणि तोवर हे मेले तर...