खोबरेलातलं पोटॅशियम

१३ जानेवारी, मंगळवार
प्रयोगशाळेत आज जे झालं ते, क्रमाने.
१. अकरावीचं प्रात्यक्षिक. अल्क धातूंची पाण्याशी अभिक्रिया. दाखवणार विभागप्रमुख जोगळेकर सर, मी मदतीला.
२. लिथियम झालं, सोडियम झालं. मागून कोणीतरी, "एक नंबर!"
३. पोटॅशियमची बाटली. रॉकेल मिळेना म्हणून दिवाळीपासून तिच्यात खोबरेल. थंडीने गोठलेलं.
४. सर शिपाई भोईरमामांना : "अहो मामा, घरी करता तसं गरम पाण्यात धरा की."
५. मी : "सर, पाण्यात नको." सर : "झाकण आहे गं बाटलीला."
६. काच तडकली. पाणी आत. जांभळट ज्वाळा, स्फोट. मामांचा उजवा हात भाजला, काचाही घुसल्या. मुलं लांब होती.
मामा रुग्णालयात. बोटं शाबूत.

१४ जाने.
सरांनी स्टाफरूममध्ये तिळगूळ दिला. घेतला. खाल्ला नाही.
रॉकेलाऐवजी लिक्विड पॅराफिन मी दोनदा मागितलं होतं. "तेल ते तेल, मृणाल. अ‍ॅडजस्ट कर."
तेल ते तेल नसतं. पोटॅशियम रॉकेलात बुडून राहतं. खोबरेलात तरंगतं, वरची बाजू हवेला उघडी. हे तेव्हाही सांगितलेलं. आणि त्रेसष्ट अंशांना पोटॅशियम वितळतं, हे तर सर स्वतःच शिकवतात.

१६ जाने.
जो. सरांनी अहवाल पुढे केला. "शिपायाने परस्पर बाटली गरम पाण्यात ठेवली." खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. फक्त सही बाकी.
"सर, तुम्ही सांगितलंत त्यांना."
"मी आपलं जनरल बोललो गं. त्यांना काय, रिटायरच व्हायचंय."
रिटायर व्हायच्या आधीच काढतील, हे त्यांनाही माहीत आहे. सही केली नाही. जाताना सर हसून म्हणाले, "मार्चमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्याच टेबलावर येतं, विसरू नकोस."

१८ जाने., रविवार
खडवलीला मामांकडे. हात कोपरापर्यंत बांधलेला. काकू चहा ठेवता ठेवता : "घरात मी सांगते तेलाची बाटली उन्हात ठेवा, तर ऐकत नाय. कालेजात बरं ऐकलं लगेच!"
मामा हसले. मग म्हणाले, "मॅडम, तुमी नका पडू यात. तुमची नोकरी नवी हाय."
अहवालात काय लिहिलंय, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "परस्पर? मी तीस वर्सांत खडूसुदा परस्पर नाय घेतला."
बाळकुमला घरी परतले तर आई : "मार्चपर्यंत गप्प राहा. कायम झालीस की बोल हवं तेवढं." कायम झाल्यावर मामा असतील कुठे?

२१ जाने.
प्राचार्य मॅडमना भेटायला गेले. मीटिंग. दुपारी परत गेले. मीटिंग. दाराआडून जो. सरांचा आवाज येत होता.
अकरावीला रुबिडियम, सीझियम फळ्यावरच. एक मुलगी : "मॅडम, मामा कधी येणार?" मी म्हणाले, माहीत नाही. हे खरं होतं. दिवसभरात मी दिलेलं तेवढंच सरळ उत्तर.

२३ जाने.
अहवाल माझ्या सहीशिवाय वर गेला. साक्षीदाराच्या जागी आता "कोणी नाही". प्रयोगशाळेत पस्तीस मुलं आणि मी. कोणी नाही.
चीड येते, आणि चीड आली की माझं अक्षर आणखी सुबक होतं. वैताग.
मामांना निलंबनाचं पत्र मिळालं. काकूंनी फोनवर वाचून दाखवलं. अडखळत, पण पूर्ण.

२७ जाने., मंगळवार
आईला न सांगता मेल पाठवला. प्राचार्य मॅडमना, प्रत संस्थेला आणि जो. सरांना. सरांना वगळावंसं वाटलं होतं. वगळलं नाही. मजकूर इथे उतरवून ठेवते :
"१३ जानेवारीच्या अपघाताच्या वेळी मी हजर होते. बाटली गरम पाण्यात धरण्याची सूचना विभागप्रमुखांनी दिली. श्री. भोईर यांनी ती पाळली. मी हरकत घेतली होती. अहवालातील 'परस्पर' व 'कोणी नाही' हे दोन्ही उल्लेख चुकीचे आहेत. ते दुरुस्त करून श्री. भोईर यांचे निलंबन मागे घ्यावे. तसे करणार नसल्यास कारण लेखी कळवावे. सोमवार, २ फेब्रुवारीपर्यंत उत्तर मिळावे, ही विनंती."