शिंगं वर, पाठ बुडालेली

कुपवाड, १६ ऑक्टोबर

दादा,

होय, कुलूप मीच तोडलं. आईवर ओरडू नको. ती तेव्हा पिठाचा डबा माळ्यावर चढवत होती. धरणातनं पाणी सोडलं, एवढंच मोबाईलवर वाचलं तिनं. म्हणलं, आई, वीजघराच्या एवढ्याशा पाण्यानं सांगलीत घाटाची पायरीपण भिजत नाही. तर म्हणते, "पूर काय तुला विचारून येतो व्हय?"

नमस्कार राहिलाच. बाकी सगळे खुशाल, तुझा उजवा खांदा सोडून.

मला ब्लॉक केलंयस म्हणून हा कागद. तुझ्या कंपनीच्या गेटसमोर चहाच्या गाड्यावर बसून लिहितेय. जीपवर बांधलेली आपली कयाक होडी बघून तुमचे वॉचमन अर्जुनामामा विचारतात, "ह्ये काय, केळाचं साल?" पाटणला नदीत उतरायला चाललोय म्हणलं, तर म्हणाले, "आमी आटपाडीकडची माणसं. पाऊस पडंना म्हणून देव पाण्यात ठिवतो. आन तुमी सोताच पडाय निगालाय?"

आज वरच्या पट्ट्यात पाणी झकास असणार. तूच शिकवलंस. नदीतल्या म्हशीच्या दगडाची पाठ उघडी असली तर उतरायचं नाही, उलटलो तर डोकं खडकावर. पाठ बुडाली, शिंगं वर, मग उतरायचं. शिंगं बुडाली की गप घरी. कमी पाण्यानंही माणूस फुटतो असं तू सांगायचास तेव्हा सगळे हसायचे. आपल्याकडं पाणी म्हणजे पूर नाहीतर उसाची पाळी, तिसरं काही नसतंच.

गेल्या साली तू उलटलास तेव्हाही शिंगं वर होती. तू चुकला नव्हतास, दादा. पाणी बरोबर असलं तरी कढईच्या भोवऱ्यात असं होतं, उगाच नाही तिला कढई म्हणत, पाणी नुसतं गोल उकळत असतं. खांदा निखळला, मान्य. पण तू होडी खोलीत कोंडून कुलूप घातलंस, वर मला म्हणालास, "नदीत उतरलीस तर माझं तोंड बघू नको."

मी पण लय तणतणत आले होते. कुलूप तोडलं, दार उघडलं, तर होडीवर झेंडूची माळ. खंडेनवमीची. वल्ह्याला हळदकुंकू. आणि किल्ली एकच, तुझ्या खिशात. हत्यार सोडलेला माणूस त्याची पूजा करतो होय रे?

आता टाळतेय ते सांगते. कॉलेजात सगळ्यांना सांगून बसलेय, आज कढई पार करणार. माझी मैत्रीण प्रांजल व्हिडिओ काढणार आहे. आणि मला भीती वाटतेय. पाण्याची नाही. उलटून वर आले आणि खालच्या खडकावर ओढून घ्यायला दोरी घेऊन कुणीच नसलं तर, त्याची. तुझ्यासाठी मी होते. प्रांजलला काल घाटावर दोरी फेकायला शिकवली, तर दोरीबरोबर तीच पाण्यात.

तर असं. मी कढईच्या वर थांबणार, उन्हं कलेपर्यंत. खडकावर तू दिसलास तर उतरेन. नाही दिसलास तर होडी खांद्यावर घेऊन काठानं चालत खाली जाईन आणि पुढं वल्हवेन. हसू देत कुणी हसलं तर. म्हणजे माझ्या जिवाच्या धास्तीनं येऊ नको. यावंसं वाटलं तर ये.

उजवा हात वर जात नाही, माहितेय. दोरी डाव्या हातानं फेकता येते. मी आठवडाभर गच्चीवर फेकून बघितली.

हे अर्जुनामामा तुला जेवणाच्या सुट्टीत देतील. आत्ता देऊ नका म्हणलंय. समोर आलास की तू नाही म्हणणार, मी रडणार, आणि तिकडं वीजघराचं पाणी बंद व्हायचं. तू हे वाचून नाही म्हणशील तेव्हा आम्ही कराडच्या पुढं असू.

प्रांजल हॉर्न मारतेय. निघाले.

तुझी वाट बघणार नाही असं लिहिणार होती, ती
सृष्टी