तुरटी, सोडा आणि आमसुलाची कढी

६ एप्रिल, सोम.
नळाचं पाणी तुरट लागतंय. चहात दूध घातलं की फाटतं, आज दोनदा. कंपनीच्या लॅबमधून पीएचची पट्टी आणून बुडवली. नारिंगी.
टँकर गढूळ येतो म्हणून सेक्रेटरी पाटलांनी सोसायटीच्या टाकीत तुरटी टाकलीय. किती? तर "अंदाजाने". घमेलंभर तरी असेल. वरती माझ्या घरात महिन्याची नात, लेक सोनल बाळंतपणाला आलेली, आणि खाली यांचा अंदाज.
सांगितलं, पाणी अ‍ॅसिडिक झालंय. "मॅडम, तुरटी म्हणजे सॉल्ट. अ‍ॅसिड अधिक बेस, सॉल्ट आणि पाणी. सॉल्ट न्यूट्रल. दहावीला होतं आम्हाला. दाढी झाली की रोज तोंडाला लावतो मी." डोकंच सणकलं. आनंदनगरच्या कंपनीत वीस वर्षं लॅबमध्ये घासतेय, ती काय याच्या दाढीवरून केमिस्ट्री शिकायला?

८ एप्रिल, बुध.
सोसायटीची मीटिंग. शक्य तेवढ्या थंड डोक्याने सांगितलं. प्रत्येक सॉल्ट न्यूट्रल नसतं. ज्या अ‍ॅसिड-बेसपासून बनलं ते दोघं तोडीस तोड असतील तर न्यूट्रल, आपलं जेवणातलं मीठ तसं. एक जोरकस आणि दुसरा लेचापेचा असेल तर पोर जोरकसावर जातं. तुरटी अ‍ॅसिडकडची. धुण्याचा सोडा बेसकडचा, तोही सॉल्टच. टाकी रिकामी करा, धुवा, एवढंच मागणं.
"बदलापुरात टँकर मिळायला दोन दिवस लागतात मॅडम. तुम्ही भरणार टाकी?" सगळे हसले. माझ्या आज्याचा जन्म मिठागरात गेला, आणि हे मला मीठ शिकवणार.
आमचे हे शेजारी बसून मोबाईल चोळत होते. घरी आल्यावर म्हणे, "तुझं बरोबर होतं गं." मग तिथे काय दातखीळ बसली होती?

१० एप्रिल, शुक्र.
बाळाच्या मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत लाल चट्टे. रडून रडून आवाज बसला पोरीचा. सोनल पण रडतेय.
त्यात विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल, उल्हासनगरहून. बाळ धड बघितलं नाही तोच, "सोनल, आंबट खाल्लंस ना?" कालच सो. माझ्या हातची आमसुलाची कढी वाटीभर प्यायली होती, किती दिवसांनी तोंडाला चव आली म्हणत. खरं ते बोलून गेली. झालं. दुधातून आंबट उतरलं, बाळाच्या अंगावर उठलं, खटला निकाली. मी म्हटलं, असं काही नसतं. "तुम्ही नोकरीवाल्या, तुम्हाला बाळंतिणीचं काय ठाऊक." सोनल काय आभाळातून पडली?
रात्री सो. नुसता तूपभात जेवली. कढीकडे बघितलंसुद्धा नाही.

११ एप्रिल, शनि.
बाळाला न्हाऊ घालायला येतात त्या शांताबाई म्हणाल्या, "ताई, पाणी कालपासून बुळबुळीत लागतंय. साबण जाता जात नाय."
पट्टी बुडवली. गडद निळी, म्हणजे आता उलट, बेसकडची.
तशीच खाली गेले. पाटील पेपर वाचत बसलेले. "तुम्हीच बोललात ना, तुरटी अ‍ॅसिडकडची, सोडा बेसकडचा? गुरुवारी उल्हासनगरच्या कॅम्प दोनहून धुण्याच्या सोड्याची गोणी आणून ओतली. आता बरोबरी झाली." किती ओतला? "अंदाजाने."
माझंच बोलणं, अर्धवट ऐकलेलं, माझ्याच नातीच्या अंगावर. बाळाला सोड्याच्या पाण्यात घालतोय आम्ही, आणि शिक्षा बाळंतिणीला. जिन्यात उभी राहून शिव्या घातल्या. चारी मजल्यांनी ऐकल्या. बरं झालं.

१२ एप्रिल, रवि.
काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पाणी बदला, चट्टे जातील. लगेच जार मागवले. सकाळची अंघोळ जारच्या पाण्याने.
दुपारी विहीणबाई जावयांना घेऊन दारात. पट्टी दाखवली, डॉक्टरांचं सांगितलं, सोड्याचं सांगितलं. "ते कागदाचं राहू द्या. इथे पथ्य पाळलं जात नाही, आम्ही घेऊन जातो." सव्वा महिनासुद्धा पुरा होऊ दिला नाही. सो. बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. जावई गाडीच्या किल्ल्या फिरवत उभे. आमचे हे बॅगा उचलायला मात्र पुढे.
घर खायला उठलंय.

१४ एप्रिल, मंगळ.
टाकी रिकामी केली, धुतली. बाळासाठी नाही. पाटलांची नवी गाडी त्या पाण्याने धुतली, तर तिच्यावर पांढरे ओघळ वाळले, म्हणून.

१६ एप्रिल, गुरु.
सो.चा फोन. "आई, चट्टे गेले सगळे." मागून वि.बाईंचा आवाज, मला ऐकू यावा असा: "आंबट बंद केलं ना. बघा."
म्हटलं, सोनल, पाणी बदललं म्हणून गेले. तू बी.एस्सी. केमिस्ट्री आहेस. मीच अभ्यास घेतलाय तुझा.
"हो गं, माहितेय मला." मग हळूच म्हणाली, "पण आई, तू येशील तेव्हा आमसुलं नको आणू. उगाच कशाला... बाळाला परत झालं तर?"
फोन ठेवला. पाटलांवर ओरडता येतं. विहिणीवर मनातल्या मनात तरी ओरडता येतं.

१८ एप्रिल, शनि.
उद्या उल्हासनगरला जायचंय, बाळाला बघायला. डबा भरला. मेथीचे लाडू, खसखशीची खीर. आमसुलाची पुडी पिशवीत तळाशी.
ह्यांनी बघितली. "कशाला वाद," म्हणाले.
पुडी काढलेली नाही. उद्याचं उद्या.