सुमन ऑफिस

८ जाने., मंगळ
सकाळीच बाबांचा फोन. "कामून गं, रागावलीस का?" मी कशाला रागावू! म्हणे काल दिवसभर तुझा मेसेज नाही. मग बीपीच्या गोळ्या? "मेसेजच नाही तर गोळी कशी घेणार?" वा रे वा. बस आली होती. लगेच घ्या म्हटलं आणि धावले.

९ जाने., बुध
कारण कळलं. नेटवरच्या कॅलेंडरवाल्यांनी आठवणीचे एसएमएसच बंद केलेत. मेल कधीच येऊन पडलाय, मी कुठे वाचते. आता म्हणे अ‍ॅपवर बघा. बाबांकडे बटणांचा फोन, बघा कुठून!
तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नंबरावर मीच लावून दिलं होतं. सकाळी ८, दु. २, रात्री ८: Baba goli ghya. अनोळखी नंबर दिसला की ते न वाचताच पुसून टाकतात, म्हणून तो नंबर त्यांच्या फोनमध्ये 'सुमन ऑफिस' नावाने ठेवला. तेव्हा फार हुशारी वाटली होती.

१० जाने., गुरु
दोन्ही आठचे मी पाठवू शकते. दोनचं काय? शिफ्टभर फोन लॉकरमध्ये. सुपरवायझरला विचारलं. "नक्को मॅडम, रूल है." चिडून उपयोग नाही, चिडायलाही जोर लागतो.

११ जाने., शुक्र
सहाला लॉकर उघडला तर बाबांच्या शेजारच्या पद्माक्काचे पाच मिस्ड कॉल. "अंकल जिने में चक्कर आके बैठ गए." दुपारची गोळी घेतली नव्हती. मलकपेठला बाबांकडे गेले, जेवू घातलं, नल्लकुंट्याला आपल्या खोलीवर परत. पाय तुटले.

१३ जाने., रवि
बाबांच्या फोनात गजर लावला. ऐकून घेतला आणि म्हणाले, "तीस वर्षं शाळेत घंटी मीच वाजवली. मला घंटी वाजवून दाखवते व्हय? तू आपली पहिल्यासारखं लिहीत जा."
मग सांगावंच लागलं. मी एकदाच लिहिलं होतं बाबा, पुढे मशीन पाठवायचं.
चष्मा पुसत बसले. "मी पद्माक्काला सांगायचो, पोरगी कामातून टाइम काढून लिहिते."
मग, "आन् वाढदिवसाचा?"
नाही, तो मी, असं पटकन म्हटलं. तोही कॅलेंडरचाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "हौ" म्हणाले. लाज वाटली. लई वाटली.

१५ जाने., मंगळ
संक्रांतीची सुट्टी. गेले नाही. थकले होते हे खरं, पण तेवढंच नाही. दु. २ ला स्वतः टाइप करून पाठवलं. उत्तर नाही.

१७ जाने., गुरु
सकाळी आठला बाबांचाच फोन. "आता नको लिहीत जाऊ. माझं मी घेतो." राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.
सहाला लॉकर उघडून आधी त्यांनाच लावला. दुपारची घेतली का?
"हौ, घेतली."
लगेच म्हणाले. मी रविवारी 'तो मी' म्हणाले होते तितकंच पटकन.
येत्या रविवारी गेले की गोळ्यांचं पाकीट बघावं का? बघितलं तर त्यांना कळेल. नाही बघितलं तर आठवडाभर मला झोप नाही.