'नवी सरहद्द' कुणासाठी

बाबा, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील तुरुंगात वारले. वारून वर्ष होत आलं, तिला कळलं परवा, तेही गावाकडून निसटून तुर्कस्तानात पोचलेल्या एका शेजाऱ्याकडून. ती उइगुर आहे. चीनच्या पार पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला त्यांचा मुलूख. तिचे वडील तुमच्यासारखेच शाळेत इतिहास शिकवायचे. पुस्तकात होतं की हा प्रदेश पूर्वापार चीनचाच. ते मुलांना सांगायचे, इथे आपले राजे होते, मग चीनच्या बादशहाच्या फौजा आल्या आणि आपल्या जुन्या भूमीचं नाव त्यांनी 'नवी सरहद्द' ठेवलं. "कुणासाठी नवी?" असं ते वर्गाला विचारायचे. त्यासाठी त्यांना घरातून उचलून नेलं. त्यानंतर तिची आई तिच्याशी फोनवर एकदाच बोलली, "आम्ही मजेत आहोत. आता फोन करू नकोस." मग तो नंबर लागलाच नाही.

काल मी वरणभात घेऊन तिच्या बेसमेंटमध्ये गेले. इथे कॅनडात, कॅल्गरीत कडाक्याची थंडी, दारापुढचा बर्फ कुणी फावड्यानं काढला नव्हता. ती पुलावासाठी गाजरं चिरत बसली आहे, रडत नाही. तिची आठ वर्षांची मुलगी इंग्रजीत विचारते, "ग्रँडपा जेलमध्ये होते, म्हणजे ते बॅड होते का?" ती सुरी खाली ठेवते. "नाही. ते टीचर होते," म्हणते आणि पुन्हा गाजर हातात घेते.

मला तुमचा सातवीचा वर्ग आठवला. आपल्या भागाबद्दल पुस्तकात दोनच ओळी होत्या. तुम्ही पुस्तक मिटलंत नि म्हणालात, "उरलेलं घरी म्हाताऱ्यांना विचारा." मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते. तास संपल्यावर ते सगळ्यांदेखत बोलले, "गुरुजी, नेमलंय तेवढंच शिकवा." तुमचे कान लाल झाले होते. संध्याकाळी आईनं पिठलं केलं, तुम्ही जेवलात, दुसऱ्या दिवशी शाळेत गेलात. बाबा, तेवढ्यावरच भागलं. आपलं घर तसंच राहिलं.

हे पत्र कुठे धाडणार? काल निघताना तिनं विचारलं, "तुझे वडील कसे गेले?" तुम्ही आपल्या घरी, माझा हात धरून गेलात. तिच्यासमोर मला ते सांगवेना. "आजारी होते," एवढंच म्हणाले आणि बूट घालायला वाकले.